बावीस चिंचोके

आमच्या गावाचं पाणी गोड आणि महादेवाच्या विहिरीचं खारं. पूर्णा नदीकडे जावं तसं पाणी खारावत जातं, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. महादेवाच्या विहिरीचं पाणी पिंडीवर घातलं की दुपारपर्यंत पांढरी पुटं चढतात. म्हणून, कोण जाणे किती पिढ्यांपासून, श्रावणी सोमवारी गावातल्या बाया गावविहिरीचं पाणी देवाला नेतात. अकरा कलश. एका खेपेला एकच, आणि वाटेत कुठे टेकवायचा नाही. अकरावा कलश पिंडीवर रिकामा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

बाकीच्या बाया श्रावणापुरत्या जातात. मी रोज जाते. रोज एक कलश, श्रावणी सोमवारी अकरा. लग्न होऊन या गावात आले त्या वर्षी सासूबाईंनी हा नेम माझ्या ओटीत घातला. त्या गेल्या, नेम राहिला. यात माझी काही थोरवी नाही. कुणाला सकाळी चहा लागतो, मला ती वाट लागते.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी त्या वाटेवर कालवा आला. धरणाचं पाणी आमच्या शिवाराला मिळणार म्हणून सगळं गाव आनंदात होतं, मीही होते. पण कालवा खणला गेला तो नेमका गाव आणि महादेव यांच्या मधून. तोच खाली दोन फर्लांगावर गाव आणि बौद्ध वस्ती यांच्याही मधून गेला. देऊळ आणि वस्ती पलीकडे राहिली. शाळा, दवाखाना आणि नांदुऱ्याची सडक अलीकडे. पाणी सुटलं नव्हतं तोवर अडचण नव्हती. दोन्ही वाटांवर खात्याने लांब फळ्या टाकल्या होत्या आणि धरायला दोर बांधला होता.

आषाढात ओव्हरसियरसाहेब आले. तरुण होते, बोलणं पुण्याकडचं. शाळेच्या ओट्यावर त्यांनी लोकांना सांगितलं, "इथं एकच पूल मंजूर आहे. दुसऱ्या वाटेवर होडी मिळेल. दोन्ही काठांना तार बांधू, त्या तारेला होडी अडकवू. तार ओढत पलीकडे जायचं. जिथं ये-जा जास्त, तिथं पूल."

"ये-जा कोण ठरवणार?" भगवानरावांनी विचारलं. गावातले मोठे शेतकरी ते. देवळामागे त्यांची साठ एकर जमीन. बैलगाडी होडीत बसत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं होतं.

"मोजून ठरवू," साहेब म्हणाले.

मोजायला दोन माणसं नेमली. आमच्या वाटेवर कारभारी बसला. कारभारी हे त्याचं नाव; कारभार त्याच्याकडे कसलाच नव्हता, कालव्याचा चौकीदार होता. लिहिता येत नव्हतं म्हणून साहेबांनी त्याला पोतंभर चिंचोके आणि एक पत्र्याचा डबा दिला. "माणूस फळीवरून गेला की एक चिंचोका डब्यात टाक. दुसरं काही करू नकोस." वस्तीच्या वाटेवरही तसाच डबा गेला.

साहेबांना दुसरीकडेही कामं होती. त्यांनी सोयीचा दिवस धरला. तो श्रावणातला पहिला सोमवार निघाला.

*

संध्याकाळी डबे शाळेत मोजले. आमच्या वाटेचा डबा भरून वर कारभाऱ्याच्या टोपीतही चिंचोके होते. सहाशे चौऱ्याहत्तर. वस्तीच्या वाटेचे एकशे त्रेचाळीस.

"हर हर महादेव!" भगवानराव ओरडले. "देवानं आपला पूल आपणच पास करून घेतला!"

झुंबरबाईंनी साखर वाटली. गावातल्या बायांमध्ये त्या वडील, कुणाच्या घरी कुठलं व्रत कसं करायचं ते त्यांना विचारूनच ठरे. माझ्या हातावर साखर ठेवून म्हणाल्या, "गीते, तुह्या नेमाले फळ आलं व माय. आता सुखानं जा आयुष्यभर."

मी ती साखर देवापुढे ठेवली. मला पाण्याची भीती वाटते. माहेरी माझी चुलत बहीण नदीत गेली, तेव्हापासून गुडघाभर पाण्यातही माझे पाय कापतात. होडीत बसून रोज कालवा ओलांडायचा, या विचाराने माझी आषाढातली झोप गेली होती. त्या रात्री मात्र शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सहदेवभाऊ आमच्या बाजेची सुंभं ताणायला आले. वस्तीत राहणारे सहदेवभाऊ पूर्वी विहिरींवर सुरुंगाचं काम करत. एक सुरुंग उशिरा उडाला आणि त्यांचे दोन्ही डोळे घेऊन गेला. तेव्हापासून ते घरोघर बाजा विणत. काठी टेकत एकटेच येत, एकटेच जात. कुणी हात धरायला गेलं तर हसून म्हणत, "मी का नवरदेव आहो?" सगळं ते मोजूनच करत. घरापासून फळीपर्यंत किती पावलं, फळी किती पावलांची, फळीपासून आमच्या दारापर्यंत किती.

मी ओसरीवर वाती वळत बसले होते. ते सुंभाला पीळ देत म्हणाले, "पुलाचं ठरलं म्हणतात तुमच्या वाटेवर."

"हो. म्हणतात तसं."

"मग आमाले डोंगा." त्यांनी सुंभ ओढून आवळलं. "वाईट नाही तेही. पण बाई, माह्यी गोष्ट सांगू का? डोंग्यात चढायले मले कोणाचा तरी हात लागीन. उतरायले लागीन. डोंगा त्या काठाले असला तर हाका मारत बसा लागीन. पुलाले कठडा असते. कठड्यावर हात ठेवला का मी आपला मोकळा. घरवाली भिमी म्हणते, मी हाये ना हात धराले. हाये ना. पण तिनं का निंदायले जाऊ नये? माह्या मागं का शेळीवानी फिरावं?"

त्यांचे हात चालत राहिले. मग ते सहज विचारावं तसं म्हणाले, "एक मात्र मले उमजत नाही. आपल्या गावात पोरंसोरं, म्हातारे-कोतारे धरून साडेचारशे माणूस. मी गावात घरोघर बाजा विणल्या, मले माहीत आहे. मग काल देवाले सहाशे चौऱ्याहत्तर कुठून गेले बाई?"

वात माझ्या बोटातच राहिली.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. अकरा कलश, अकरा खेपा. जाताना फळीवरून, येताना फळीवरून. माझे एकटीचे बावीस चिंचोके होते त्या डब्यात. आम्ही अठ्ठावीस बाया होतो.

सहदेवभाऊ मान थोडी तिरकी करून उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणाले, "देवाला माहीत."

"हाव," ते म्हणाले. "त्याले तं माहीतच असीन."

बाज ताणून झाली. त्यांनी हाताने ताण पाहिला, काठी घेतली आणि गेले. त्या बाजेवर मी दोन दिवस बसले नाही.

देवाचं नाव मी आयुष्यात हजारो वेळा घेतलं असेल. खोटं झाकायला घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

*

शुक्रवारी रात्री जेवण वाढताना मी यजमानांना चिंचोक्यांचा हिशोब सांगितला आणि साहेबांपुढे बोलणार म्हणाले.

"तू बोलशीन? साहेबापुढं? अवं, तुह्या तोंडानं घरातलं मांजर हाकलल्या जात नाही."

"तुम्ही सांगता का मग?"

ते बराच वेळ भाकरी मोडत राहिले. आमची दोन एकर जमीन भगवानरावांच्या बांधाला लागून. पेरणीला त्यांचे बैल येतात. मला ते ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. शेवटी म्हणाले, "मी नाही जात. पण तुले अडवत बी नाही."

"आणि मी होडीत कशी बसेन?"

"त्ये तुह्या महादेवाले इचार," ते म्हणाले आणि हसले. मग हसू आवरून म्हणाले, "बसशीन. सवय होते माणसाले."

शनिवारी साहेब पुलाच्या जागेच्या खुंट्या ठोकायला आले. मी माझा रोजचा कलश देवाला घालून परतत होते. शाळेच्या ओट्यावर नकाशा पसरलेला, भोवती माणसं. ओट्याखाली वस्तीतल्या भिमाबाई उभ्या होत्या, सहदेवभाऊंच्या घरच्या. त्यांच्या हातात अर्ज होता. त्या म्हणत होत्या, "वाचून तं पाहा साहेब. एवढी माणसं गावातच नाहीत."

"मोजणी झाली आहे बाई," साहेब म्हणाले. "आता तुम्ही तक्रार करता."

"तक्रार नाही करत, हिशोब इचारून राह्यली."

"ऐकलं का," भगवानराव म्हणाले, "आता देवाच्या दारी जाणाऱ्या माणसाईची गिनती ह्या करणार!"

माणसं हसली. मी तशीच पुढे गेले. रिकामा कलश माझ्या काखेत होता. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "साहेब, माझे बावीस चिंचोके काढा."

कुणाला ऐकूच गेलं नाही. माझा आवाज तेवढाच आहे. भिमाबाईंनी ऐकलं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, ह्या बाई काय म्हणतात ते ऐका!"

साहेबांनी मान वर केली. मी पुन्हा म्हणाले, "त्या डब्यात माझे एकटीचे बावीस आहेत. ते काढा. आमचा अकरा कलशांचा नेम असतो सोमवारी. एकेक कलश न्यायचा, परत यायचं, पुन्हा न्यायचा. मी एक बाई आहे साहेब. बावीस नाही."

साहेब कारभाऱ्याकडे वळले. "काय रे? तीच ती बाई बावीस वेळा गेली, तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना साहेब."

"मग?"

"तुमी म्हणले, माणूस गेला का चिंचोका टाक, दुसरं काई करू नको. मी दुसरं काईच नाही केलं."

"आणि येतानाही टाकलास?"

"येतानी बी माणूसच होता ना साहेब."

आता हसू वेगळं होतं. साहेबांनाही आवरलं नाही. भगवानराव मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वहिनी, बायामाणसानं यात पडू नये. घरी जा. देवाच्या कामात आडवं येऊन नका राहू."

मला रडू येईल असं वाटलं. पण तोंडातून निघालं ते असं, "भाऊजी, देवाला मी पाणी घातलं होतं. मोजायला नव्हतं घातलं."

पुढचं भिमाबाई बोलल्या. "साहेब, पुन्हा मोजा. सोमवार सोडून मोजा, अन् दोन दिस मोजा. एक साधा, एक बाजाराचा. एका माणसाचा एकच चिंचोका. मग ज्याले जे यायचं ते येऊ द्या. डोंगा आला तं डोंग्यात बसू."

साहेबांनी नकाशा गुंडाळला. खुंट्या त्या दिवशी ठोकल्या गेल्या नाहीत.

परत जाताना भिमाबाई क्षणभर माझ्याबरोबर चालल्या. मी म्हणाले, "मला आधीच सांगायला पाहिजे होतं. त्यांनी मला विचारलं होतं, मी बोलले नाही."

"माहीत आहे," भिमाबाई म्हणाल्या. "ते म्हणे, बाईची वात वळायची थांबली, आवाजच बंद झाला. तवाच त्याईले समजलं." मग थोडं पुढे जाऊन म्हणाल्या, "तुमाले मी उपकार नाही म्हणणार, बाई. खरं होतं ते बोलल्या तुमी."

"नका म्हणू," मी म्हणाले. मला ते बरंच वाटलं.

*

दोन दिवसांची दुसरी मोजणी झाली. आमच्या वाटेवर दोन्ही दिवसांचे मिळून एक्क्याऐंशी. वस्तीच्या वाटेवर दोनशे सव्वीस. पूल वस्तीच्या वाटेवर झाला.

गावाने मला वाळीत टाकलं नाही. आमच्याकडे तसं काही होत नाही. पण भगवानरावांचे बैल रब्बीच्या पेरणीला आले नाहीत. यजमानांनी भाड्याने बैल आणले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. झुंबरबाई हळदीकुंकवाला म्हणाल्या, "हिनं आपलं पुण्य तं सोडलंच, आमच्याही पुण्यातून उणं केलं." मी त्यांच्या पाया पडले. वडील माणूस.

मार्गशीर्षात पाणी सुटलं. आमच्या वाटेवर होडी आली. पत्र्याची, चौकोनी, चार माणसांची. होडीवर कारभाऱ्यालाच नेमलं. तो सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास तार ओढायचा.

पहिल्या दिवशी मी काठावर इतका वेळ उभी राहिले की कारभारी म्हणाला, "गीताबाई, या हो. चिंचोका नाही टाकत मी आता." मी बसले. एका हाताने कलश धरला, दुसऱ्या हाताने होडीची कड. डोळे मिटले आणि कालवा संपेपर्यंत शिवनाम घेतलं. ते नाम पूर्वी मी कधी इतक्या मनापासून घेतलं नसेल. अर्धा कलश सांडला होता. उरला तो पिंडीवर घातला.

होत होत सवय झाली. यजमान म्हणाले होते तसंच झालं. रोजचा एक कलश होडीने जाऊ लागला.

पण श्रावण आला. अकरा खेपा होडीने होईनात. कारभाऱ्याचे दोन तास पुरत नव्हते. बाकीच्या बायांनी ठरवलं की होडीतून पाच-सहा कलश एकदम न्यायचे, दोन खेपांत काम संपवायचं. झुंबरबाईंनी तशी मोकळीक दिली. मला म्हणाल्या, "तूही तसंच कर. नाहीतर पुलावरून जाशीन का? त्या वस्तीतून देवाचं पाणी नेशीन?"

खोटं कशाला सांगू, माझंही मन थबकलं. सोवळ्याचं पाणी, आणि वाट वस्तीच्या मधून. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा मी रात्रभर विचार केला. मग वाटलं, पाणी खारं की गोड ते विहीर ठरवते. वाट नाही ठरवत.

सोमवारी उजाडायच्या आधी मी पहिला कलश भरला आणि पुलाकडे निघाले. दोन फर्लांग खाली, पूल ओलांडून वस्तीतून, पुन्हा दोन फर्लांग वर. वस्तीतल्या बाया सडा घालत होत्या. त्यांनी पाहिलं आणि त्या पुन्हा सडा घालू लागल्या. परतताना भिमाबाई दारातून म्हणाल्या, "अकरा का?" मी म्हणाले, "अकरा." त्या म्हणाल्या, "पाय दुखतीन." मग शेणाची पाटी घेऊन आत गेल्या.

चौथ्या खेपेला पुलावर सहदेवभाऊ समोरून आले. डाव्या हाताने कठडा धरून, काठी काखेत मारून, एकटेच चालले होते. डोळस माणूसही इतका ऐटीत चालत नाही. मी त्याच कठड्याकडून येत होते; माझ्या पावलांचा आवाज ऐकून ते थांबले.

"कोण? गीताबाई का? भरल्या कलशाचं चालणं आहे."

"हो."

त्यांनी झटकन कठडा सोडला आणि सोवळ्याचं पाणी घेऊन जाणाऱ्या बाईला वाट द्यावी म्हणून ते बाजूला सरकले. दोन पावलं सरकले आणि मग मोकळ्यावरच उभे राहिले. हात पुढे, कशालाच न लागणारा. दुसरा कठडा कुठे आहे ते त्यांना समजेना.

पूल झाल्याचं मला वर्षभर जे समाधान होतं ते सगळं त्या हाताकडे पाहून विरघळलं.

"कठडा सोडू नका भाऊ," मी म्हणाले. "धरा तो. मी मधून जाते. पूल रुंद आहे."

त्यांचा हात परत गेला, लोखंडावर टेकला. ते हसले. "सवय आहे बाई."

"मलाही आहे," मी म्हणाले. आणि त्यांच्या अगदी जवळून पुढे गेले. पाणी हललं, सांडलं नाही.

त्यानंतर ते गावात गेले नाहीत. पुलाच्या गावाकडच्या टोकाला निंबाच्या सावलीत कुणाची तरी बाज तिथेच मागवून घेऊन विणत बसले. मी येत होते, जात होते. ऊन चढलं. उपासाचं पोट, कोरडा घसा. कुठल्याशा खेपेला गावविहिरीवर कलश भरून उभी राहिले आणि एकदम लक्षात आलं, आपण मोजणी चुकलो. सात झाले की आठ? नेम मोडला तर नाही ना, या भीतीने माझे डोळे भरले. परत आरंभ करायचा, तर अंगात तेवढं बळ नव्हतं.

तशीच पुलापर्यंत आले. तोंडाशी थांबले. सहदेवभाऊंनी सुंभ ओढत, मान वर न करता विचारलं, "काऊन थांबल्या बाई?"

"भाऊ, मोजणी चुकली माझी."

"चुकू द्या. मी पहिल्या खेपेपासून मोजून राह्यलो ना." त्यांनी गाठ आवळली. "सात झाले. हा आठवा. चला, निघा, पाणी उन्हानं तापते."

मी आठवा कलश घेऊन पुलावर चढले.